एक जूनला जन्मलेले

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुठंही रांग दिसली की पहिला कोण उभा आहे आणि त्यालाच पुढं का उभं केलंय, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. नळावर, रॉकेलच्या दुकानात, एसटीच्या खिडकीशी, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं तेच. सोलापुरात मी जिच्याकडं राहायची ती आत्या म्हणायची, "तुला काय करायचंय गं? आपला नंबर आला की पुढं व्हायचं." पण माझं तेवढ्यानं भागायचं नाही. नंबर कुणी लावला तेही कळायला हवं असायचं. या खोडीपायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली.

सत्तरच्या दशकात मी मॅट्रिक होऊन एका कापड गिरणीच्या ऑफिसात लागले होते. वडील, म्हणजे आमचे अप्पा, त्याच गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. बापलेक एकाच भोंग्यावर कामाला जायचो, पण राहायला मात्र वेगळीकडं. मी आत्याकडं. अप्पा चार-पाच गड्यांबरोबर भाड्याच्या एका खोलीत, जेवायला खाणावळीत. आणि अव्वा, माझी आई, मंद्रूपच्या पुढच्या आमच्या गावी दोन धाकट्या भावंडांना घेऊन. लग्न झाल्यापासून दोघं एका छपराखाली राहिले ते फक्त सणावाराला आणि आजारपणाला. शहरात खोली परवडत नव्हती, आणि गिरणीच्या चाळीत खोली मिळत नव्हती. घरात कधीही, कशावरूनही बोलणं निघालं तरी ते शेवटी या खोलीपाशी यायचं.

ऑफिसच्या मागच्या अंगाला मशीन रूम होती. तिथं भोकं पाडलेल्या कार्डांवर सगळा कारभार चालायचा. प्रत्येक कामगाराचं एक कार्ड. त्यावर उभे रकाने, आणि त्या रकान्यांत भोकं: खातं कोणतं, नोकरीला कधी लागला, जन्मतारीख काय, बिऱ्हाड शहरात आहे की परगावी. आधी मला भोकं पाडायला बसवलं होतं. पुढं सॉर्टर चालवायला दिला. लांबोळकं मशीन, आणि त्याच्या अंगाला ओळीनं खण. गठ्ठा एका टोकाला ठेवायचा, कोणता रकाना बघायचा ते चाक फिरवून सांगायचं, बटण दाबायचं. कार्डं सपासप धावत जाऊन आपापल्या खणात पडायची. पहिल्या दिवशी मी जेवायची सुट्टी विसरून नुसती बघत राहिले.

त्या मशीनला एका वेळी एकच रकाना कळायचा. मग क्रमांकानं लावायचं असलं तर आधी एककाचा रकाना, मग दशकाचा, मग शतकाचा, असं उलट्या अंगानं जायचं. आमच्या साहेबांनी हे शिकवलं तेव्हा मला काही पटेना. मोठं सोडून आधी लहान का? साहेब बार्शीचे, शांत स्वभावाचे, आणि माझ्यासारखेच चौकस. म्हणाले, "का ते मलाही धड सांगता येत नाही, बाई. पण लागतं बरोबर." मी घरी जाऊन आत्याच्या पत्त्यांच्या जोडावर करून पाहिलं. आधी सगळे पत्ते आकड्यांनी लावले. मग वरून एकेक उचलत बदाम, चौकट, इस्पिक, किलवर असे चार ढीग केले. तर काय, प्रत्येक ढिगात आकडे आपोआप ओळीनं! दुसऱ्यांदा वाटताना पहिली ओळ मोडली नव्हती. दोन पत्ते एकाच ढिगात गेले की आधी जो पुढं होता तोच पुढं राहत होता. मला इतका आनंद झाला की मी आत्याला उठवून आणलं. ती म्हणाली, "रमी खेळायला लागलीस व्हय? सांगते तुझ्या बापाला."

त्याच साली गिरणीनं नवी चाळ बांधायला घेतली. खोल्या थोड्या आणि मागणारे भरमसाट. वशिल्याची बोंब नको म्हणून मॅनेजमेंट आणि युनियननं मिळून नियम ठरवला. ज्यांचं बिऱ्हाड परगावी आहे ते आधी, आणि त्यांच्यात जो वयानं मोठा तो पुढं. शहरात राहणारे त्यांच्या मागं, आणि त्यांच्यात मात्र ज्याची नोकरी जुनी तो पुढं. मॅनेजर म्हणाले, "माणसानं यादी केली की भावकी बघतो. मशीन भावकी बघत नाही. मशीनवर लावा." साहेबांनी गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. त्यात अप्पांचं कार्ड होतं हे त्यांना ठाऊक होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "असू दे की. मशीन लावणार आहे, तुम्ही नाही."

आता या नियमात मेख होती. पहिल्यांना वयानं लावायचं आणि दुसऱ्यांना नोकरीनं. मी सगळा गठ्ठा वयानं लावला आणि मग बिऱ्हाडाच्या रकान्यावर फिरवला, तर शहरवालेही वयानंच लागून बसले. नोकरीनं लावावा, तर परगाववाले बिघडायचे. मशीनला 'असेल तर असं, नसेल तर तसं' हे सांगायची सोयच नव्हती. दोन दिवस डोकं चालेना. आत्या वाढायला लागली तरी मी आपली ताटाकडं बघत बसलेली.

आणि ताटाकडं बघता बघताच सुचलं. अव्वाचा भाकरी वाढायचा क्रम मला पाठ होता. पाहुणा असेल तर आधी पाहुणा. नसेल तर आधी अप्पा. पण कुणी तापानं फणफणलं असेल तर अप्पांच्याही आधी ते. मग आम्ही भावंडं. आणि सगळ्यांत शेवटी ती स्वतः. तिथं मात्र जर-तर नव्हतं. तिला ताप असला तरी ती शेवटीच, टोपल्यातली तळाची गार भाकरी घेऊन बसायची. लहानपणी एकदा मी विचारलंही होतं, "तू आधी का जेवत न्हाईस?" ती म्हणाली, "मी बसले तर थापणार कोण? तू?" तर मुद्दा असा, की अव्वा वाढायच्या आधी नुसती नजर टाकायची, पाहुणा आहे का बघायची, आणि तिथंच वाट फुटायची. वाट फुटली की पुढचा क्रम ज्याचा त्याचा.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी तेच केलं. आधी बिऱ्हाडाच्या रकान्यावर गठ्ठा फोडला आणि त्याचे दोन केले. एक जन्मतारखेवर लावला, दुसरा नोकरीच्या तारखेवर. मग पहिला वर, दुसरा खाली, झालं! साहेब हसून म्हणाले, "म्हणजे जर-तर मशीनच्या बाहेर करायचं." परवा माझा भाचा संगणकावर काही काम करत होता. मी नेहमीप्रमाणं चौकशी केली, तर म्हणाला, मावशी, मी माहितीला क्रम लावतोय, अमुक असेल तर या रकान्यानं, नाहीतर त्या. सगळं एका ओळीत लिहून मोकळा! मी विचारलं, "आणि दोघं अगदी सारखे निघाले तर?" तो म्हणाला, तसं असेल तर कोण आधी येईल याचा भरवसा नाही, ते वेगळं सांगावं लागतं. आमचंही घोडं तेव्हा तिथंच अडलं होतं.

झालं असं. परगाववाल्यांचा गठ्ठा जन्मतारखेवर फिरवला, तर सगळ्या खणांत थोडी थोडी कार्डं आणि एकाच तारखेचा हा ढीग! मला वाटलं मशीन अडकलं. कार्डं काढून उजेडात धरली. एक जून, एक जून, एक जून. निम्मी गिरणी एक जूनला जन्मली होती.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मीही एक जूनचीच की! शाळेत घालताना मास्तर जन्मतारीख विचारायचे. घरच्यांना ठाऊक असायचं ते एवढंच, की ज्वारी काढायला आली होती, नाहीतर विहिरीला पाणी लागलं त्या साली. शाळा जूनमध्ये भरते, म्हणून मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. गिरणीच्या दारावरच्या टाइमकीपरनंही तीच रीत उचलली. "एक जून लिहू का?" "लिवा की." सालसुद्धा तो अंगकाठी बघून टाकायचा, आणि भरतीला एका दिवशी आलेल्या खेड्यातल्या सगळ्या पोरांना एकच साल देऊन टाकायचा. त्यामुळं अप्पा आणि त्यांच्याबरोबर भरती झालेले आणखी पाच जण कागदावर जुळे भाऊ होते. आणि नेमकी त्यांच्यातच कात्री लागत होती. वरच्या सगळ्यांना देऊन खोल्या उरत होत्या पाच, आणि हे गडी होते सहा.

साहेब म्हणाले, "मशीननं जे लावलंय तेच धरू." मी म्हटलं, "साहेब, एक गंमत बघा." ती सहा कार्डं घेतली, फिरवली. जशी घातली तशीच बाहेर आली. मग उलटी करून घातली आणि फिरवली. उलटीच बाहेर आली. पत्त्यांत दिसलं होतं तेच. सारखी असली की मशीन काही ठरवत नाही, घालणाऱ्यानं जो क्रम दिला तोच परत देतं. साहेबांनी स्वतः दोन-तीनदा घालून पाहिलं. आधी त्यांना मजा वाटली. मग चष्मा काढून म्हणाले, "अहो, म्हणजे हे तुमच्याच हातात आहे." मला ते नको होतं. अप्पांना खोली मिळावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, पण माझ्या हातून नको. उद्या कुणी बोट दाखवलं असतं तर अप्पांना तोंड लपवायला जागा उरली नसती.

आणि खरं सांगायचं तर मला गरजही वाटत नव्हती. या सहांत थोरला कोण, धाकटा कोण, हे कागदाला ठाऊक नसलं तरी त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं. दसऱ्याला आपट्याचं सोनं देताना धाकटा वाकतो, थोरला पाठीवर हात ठेवतो. वर्षानुवर्षं ते एकमेकांना सोनं देत आले होते. इतक्या वर्षांची रीत एका दिवसात कुणाला फिरवता येणार? दसरा दोन दिवसांवर होता. मी साहेबांना म्हटलं, "त्यांनाच विचारू. पण तोंडानं नको. सोनं देऊ द्या." साहेबांना ते एवढं आवडलं की त्यांनी मॅनेजरांची आणि युनियनच्या पुढाऱ्याची लगेच परवानगी आणली.

मला धीर होता तो आणखी एका गोष्टीचा. सहांतले चौघं अप्पांपेक्षा थोरले होते, हे मला माहीत होतं. राहिला एक. तो अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा, अप्पांच्या खोलीतच राहायचा. अव्वानं मला त्याला चिक्कप्पा म्हणायला शिकवलं होतं. कानडीत बापाच्या थोरल्या भावाला दोड्डप्पा म्हणतात आणि धाकट्याला चिक्कप्पा. तो अप्पांना अण्णा म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ, आणि दर दसऱ्याला वाकायचा. म्हणजे पाचवी खोली अप्पांची, हे ठरलेलंच होतं. मी त्याच दिवशी गावाकडं जाणाऱ्या माणसाजवळ अव्वाला निरोप धाडला, खोली आलीच म्हणून समज. चिक्कप्पाचं वाईट वाटत होतं. त्याचीही बायको गावीच होती. पहिलं मूल दवाखाना गाठेपर्यंत वाटेतच गेलं होतं, आणि आता तिला पुन्हा दिवस होते. पण क्रम म्हणजे क्रम, असं मी स्वतःला बजावत होते.

खंडेनवमीला आम्ही सॉर्टरला झेंडूची माळ घातली. कुंकू आत सांडू नये म्हणून साहेबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच मशीनच्या पायाला बोट टेकवलं. दसऱ्याची सुट्टी झाली. तिसऱ्या दिवशी कामावर आल्यावर सहा गडी मशीन रूममध्ये आले, डोक्यावरच्या टोप्या सारख्या करत. अंगाला साचेखात्यातला कापूस तसाच चिकटलेला. पुढाऱ्यानं सगळं समजावून सांगितलं: थोरल्याला खोली आधी, रीतीप्रमाणं सोनं द्या. साहेबांनी आपट्याची पानं टेबलावर मांडली.

पहिले चौघं असे लागले की मी बघतच राहिले. कुणी विचार केला नाही, कुणी अडखळलं नाही. दोघं समोरासमोर यायचे आणि एक जण वाकायचा. दोघं-दोघं करत सगळी ओळ लागली. या बाबतीत मशीनपेक्षा ते हुशार होते, त्यांना रकाना लागत नव्हता. मी एकेक कार्ड ओळीनं ठेवत गेले. मग अप्पा आणि चिक्कप्पा उरले.

चिक्कप्पा पान घेऊन पुढं झाला. तो वाकणार एवढ्यात अप्पाच वाकले. चटकन, आणि त्याच्या पायाला हात लावूनच उठले. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," म्हणाले.

चिक्कप्पा दोन पावलं मागं सरला. "अण्णा, ह्ये काय—" एवढंच तो बोलला. अप्पांनी त्याचं कोपर घट्ट धरलं. "दर साली असंच की. व्हय का न्हाय?" हे त्यांनी बाकीच्या चौघांना विचारलं. चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांनी इतके दसरे बघितले होते. त्यांतला सगळ्यांत थोरला खाकरला आणि म्हणाला, "व्हय. असंच." पुढाऱ्याला काय, मोठा व्हायला खोटं बोलणारा माणूस त्यानं पकडला असता. धाकटा व्हायला कोण खोटं बोलेल? साहेब माझ्याकडं वळले. "लावा, बाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चिक्कप्पाचं कार्ड आधी ठेवलं आणि अप्पांचं त्याच्या खाली. मग सहाही कार्डं मशीनमध्ये घातली. मशीननं ती जशीच्या तशी परत दिली.

रविवारी अप्पा आणि मी गावी गेलो. एसटीत मी मंद्रूप येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. अप्पांनी एकदा चुरमुऱ्याच्या भत्त्याची पुडी पुढं केली, मी घेतली नाही. मला राग आला होता आणि तो अप्पांच्या चांगुलपणाचा होता, म्हणून कुणाला सांगताही येत नव्हता. खोली स्वतःची असती तर खुशाल द्यावी, पण ती अव्वाची होती. तिला न विचारता देऊन टाकायचा यांना काय अधिकार, हेच माझ्या डोक्यात घुमत होतं.

घरात शिरले तर दाराशी तांब्याचा हंडा चिंचेनं लख्ख घासून उलटा ठेवलेला. दोन गाठोडी बांधून झालेली. अव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. अप्पांनी तोंड उघडायच्या आत मीच सगळं ओकून टाकलं. सोनं, वाकणं, कार्डं, पाचवी खोली, सगळं. "अप्पा थोरलं हायेत, तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. तरी वाकलं!"

अव्वाचे हात थांबले नाहीत. तिनं अप्पांकडं न बघता विचारलं, "तिचं दिवस कुटवर आलं?"

"सातवा लागलाय," अप्पा म्हणाले.

"मग बरं केलं." भाकरी तव्यावर पडली. तिनं वरून पाणी फिरवलं. "दवाखाना जवळ पडंल तिला."

मला वाटलं, संपलं. ही बाई तरी भांडेल असं वाटलं होतं, तीही यांच्याच पंगतीतली निघाली. मी पाय धुऊन येऊन बसले. अप्पाही येऊन आपल्या नेहमीच्या जागेवर बसले आणि ताट पुढं ओढलं.

अव्वानं पहिली भाकरी मला वाढली. मी चमकून वर पाहिलं. दुसरी भावाला, तिसरी धाकटीला. अप्पांचं ताट रिकामंच. परातीत पीठ उरलं होतं, तिनं त्यातनं एक भाकरी थापली, भाजली, आरावर फुगवली. मग एक ताट घेतलं, ती भाकरी त्यात घातली, वर पिठलं घेतलं, आणि अप्पांच्या समोर मांडी घालून स्वतःच जेवायला बसली.

धाकटीला काही कळेना. "अव्वा, अप्पास्नी?"

"त्येस्नी घाई न्हाय," अव्वा घास मोडत म्हणाली. "त्ये थांबत्यात."

अप्पांनी रिकाम्या ताटावरून हात काढून मांडीवर ठेवला. "व्हय," म्हणाले, "थांबतो की." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दाराशी हंडा तसाच उलटा होता. अव्वा सावकाश जेवत होती, भाकरीतून वाफ निघत होती, बोटं पोळली की ती मधेच फुंकर घालत होती. ती परातीतल्या उरलेल्या पिठाकडं बघत नव्हती आणि अप्पांकडंही नाही. अव्वाला गरम भाकरी खाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.